जुना फ्लॅट स्वस्त मिळतोय? आधी तो स्वस्त का आहे ते शोधा

गोव्यात घरांचे भाव हा विषय सध्या चहाच्या टेबलावरून विधानसभेपर्यंत कुठेही निघतो. पर्वरी, दोनापावला, ताळगावच्या बाजूला नवे प्रकल्प उभे राहतात आणि त्यांचे भाव दिल्ली-मुंबईच्या पैशाकडे बघून ठरतात. पगारावर घर चालवणारा माणूस ती जाहिरात वाचतो, मोबाइल बाजूला ठेवतो आणि मग जुन्या फ्लॅटकडे वळतो: पणजीत मळा, भाटले, सांतिनेज, मडगावात कोंब, बोर्डा, म्हापशात खोर्ली, वास्कोत मांगोर. १९८० आणि ९० च्या दशकांत बांधलेल्या तीन-चार मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या इमारती. बाजार, शाळा, देऊळ सगळं पायी, शेजारी तीस वर्षं तेच. नव्या फ्लॅटपेक्षा भाव बराच खाली.

हा भाव खाली का, याचं उत्तर प्रत्येक फ्लॅटला वेगळं असतं, आणि खरेदी करावी की नाही हे त्या उत्तरावर ठरतं. लिफ्ट नाही, तिसरा मजला आहे, म्हणून स्वस्त असेल तर आनंदाने घ्या. स्लॅब गळतो म्हणून स्वस्त असेल तर दुरुस्तीचा आकडा काढून भाव पाडता येतो. पण कागद अडकलाय म्हणून स्वस्त असेल, तर ती स्वस्ताई तुमची नाही. विकणाऱ्याने स्वतःची डोकेदुखी सवलतीत तुमच्या गळ्यात घातलेली आहे. म्हणून सुरुवात कागदापासून.

## फ्लॅट घेताना नक्की काय विकत घेतो?

दोन गोष्टी. एक, चार भिंतींतली जागा. दुसरी, इमारतीखालच्या जमिनीतला अविभक्त हिस्सा, म्हणजे असा वाटा जो मोजून, कुंपण घालून वेगळा काढता येत नाही. चार भावांच्या सामाईक विहिरीसारखं हे आहे: पाणी प्रत्येकाने भरायचं, पण अमुक कोपऱ्यातलं पाणी माझं असं कुणाला म्हणता येत नाही, आणि विहीर उपसायची तर चौघांनी मिळून.

इमारत वर्षागणिक जुनी होते, तिची किंमत उतरते. जमीन तिथेच असते. चाळीस वर्षांच्या इमारतीतल्या फ्लॅटची खरी किंमत बऱ्याच अंशी त्या हिश्श्यात असते, आणि नेमका तोच भाग कागदावर कच्चा असतो. त्यामुळे फ्लॅट दाखवणाऱ्या दलालाला पहिला प्रश्न टाइल्सबद्दल न विचारता हा विचारावा: जमीन आज कुणाच्या नावावर आहे?

उत्तर शहराच्या भूमापन नोंदीत सापडतं. गोव्याच्या शहरी भागात प्रत्येक जागेला पी.टी. शीट क्रमांक आणि चलता क्रमांक असतो, आणि त्यावरून ‘फॉर्म डी’ हा मिळकतीचा उतारा काढता येतो. गावाकडच्या जमिनीला सर्व्हे क्रमांक आणि एक-चौदाचा उतारा. उताऱ्यावर अजूनही जुन्या भाटकाराचं, म्हणजे मूळ जमीनदाराचं, नाव दिसलं तर लगेच घाबरू नका, जुन्या इमारतींत हे सर्रास दिसतं. पण त्या नावापासून विकणाऱ्याच्या नावापर्यंत कागदांची साखळी अखंड आहे का, हे मात्र वकिलाकडून तपासून घ्या. जमिनीवर कूळ किंवा मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांची नोंद आहे का, जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, तर नव्हती ना, हेही त्याच फेरीत. मुंडकारांना १९७५ पासून स्वतंत्र कायद्याचं संरक्षण आहे. तो दावा इमारत उभी राहिली म्हणून आपोआप विरघळत नाही.

## ‘करारनामा आहे ना, मग झालं!’

नाही झालं. करारनामा म्हणजे पुढे विकण्याचं वचन. विक्रीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्री. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत खताशिवाय विकली जात नाही, हा मालमत्ता हस्तांतरण कायद्यातला जुनाच नियम. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितलं की नुसता करारनामा आणि मुखत्यारपत्र यांच्या जोरावर मालकी हलत नाही.

तरीही गोव्यातल्या कित्येक जुन्या इमारतींत लोकांकडे फक्त बिल्डरशी केलेला करारनामा आहे. हे असं घडलं: बिल्डरने भाटकाराशी जमिनीचा करार केला, इमारत बांधली, फ्लॅट विकले, ताबे दिले. जमिनीचं खत ‘मागाहून करू’ म्हणून राहिलं. मग बिल्डर वारला किंवा त्याची भागीदारी मोडली, भाटकाराची पुढची पिढी लिस्बनला नाहीतर लंडनला गेली. आत राहणाऱ्यांचं काहीच अडलं नाही. घरपट्टी भरली, विजेचं बिल नावावर आलं, मुलांची लग्नं झाली. अडतं ते विकायच्या दिवशी.

इथे विकणारा हमखास घरपट्टीच्या पावत्या पुढे करतो. घरपट्टी कोण भरतो एवढंच त्या पावतीवरून कळतं. मालक कोण, याचा तो पुरावा नव्हे. विजेच्या बिलाचंही तेच.

काही इमारतींत जमीन सोसायटीच्या नावावर केलेली असते आणि फ्लॅटधारकाकडे सोसायटीचं भागपत्र असतं. हाही चांगला प्रकार. पण गोव्यात ‘सोसायटी’ म्हटली की ती बहुतेकदा देखभालीपुरती असते: जिना झाडणं, पंप, दिवे. तिच्या नावावर जमीन असेलच असं नाही. नाव तेच, अर्थ दोन. विचारून घ्या.

## जावयाची सही कशाला लागते?

बाहेरून आलेल्यांना, आणि खरं सांगायचं तर इथल्याही अनेकांना, सगळ्यात गोंधळात टाकणारी बाब ही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा आजही चालतो. वारसाहक्काचा भाग २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आला आणि तो २०१६ मध्ये लागू झाला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असला तरी बायको अर्ध्याची मालकीण. गोव्यातलं कोणतंही जुनं खत उघडून पाहा, ‘अमुक आणि त्यांची पत्नी’ अशी जोडीच असते. ते काही शिष्टाचार म्हणून लिहिलेलं नसतं.

आता समजा, फ्लॅटचे मालक असलेले वडील वारले. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी, तिघंही लग्न झालेली. मोठा मुलगा तुम्हाला फ्लॅट दाखवतोय आणि म्हणतोय, ‘बाबांनी मृत्युपत्रात सगळं माझ्या नावावर केलंय.’ हिशेब असा होतो. फ्लॅटचा अर्धा भाग आईचा आधीपासूनच. तो वडिलांना कुणाला देताच येत नव्हता. उरलेल्या अर्ध्यातला अर्धा कायद्याने मुलांसाठी राखीव, मुलगा-मुलगी भेद न करता. म्हणजे मृत्युपत्राने वडील आपल्या मर्जीने देऊ शकत होते तो फार तर पाव फ्लॅट. मोठ्या मुलाच्या हातात पूर्ण फ्लॅट देणारं मृत्युपत्र असलं तरी त्याला पूर्ण फ्लॅट विकता येत नाही.

आणि वारशाने आलेला वाटाही नवरा-बायकोत सामाईकच होतो. म्हणून मुलीबरोबर जावयाची सही, मुलांबरोबर सुनांची. आई धरून सात सह्या. एक सही राहिली तर तुमचं खत लंगडं. त्यातली एखादी जोडी पुढे भांडून विभक्त झाली, कुणी परदेशी गेलं, की ती एक सही मिळवताना नाकी नऊ येतात.

वारस कोण हे ठरवण्याचे दोन रस्ते आहेत. सगळे सज्ञान असतील आणि कुणाचा वाद नसेल तर विशेष नोटरीकडे (या कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) वारसाखत करून घेता येतं आणि सगळे मिळून विक्रीखतावर सह्या करतात. वाद असेल, वाटणी करायची असेल किंवा वारसांत अल्पवयीन मूल असेल, तर न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’ लावावी लागते. म्हणजे मयताची सगळी मालमत्ता मांडून तिची रीतसर वाटणी. ती कधी संपेल हे कुणी सांगू शकत नाही. ‘इन्व्हेंटरी चालू आहे, तुम्ही अर्धे पैसे देऊन राहायला या’ असं कुणी म्हटलं तर माझं स्पष्ट मत आहे: नमस्कार करून जिना उतरावा. विकणारा मूळचा गोव्याबाहेरचा असेल, तर त्याच्या कुटुंबाला कोणता कायदा लागतो हा वेगळा प्रश्न. तो वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

## विकणारा परदेशात आहे

गोव्यात हे नवल नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. माणूस ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड) ये-जा करतो आणि इथला फ्लॅट भावाच्या हाती मुखत्यारपत्र देऊन विकतो. ते मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित किंवा अपोस्टिल केलेलं (म्हणजे त्या देशाच्या सरकारचा, इतर देशांत मानला जाणारा शिक्का मारलेलं) हवं, भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरलेला हवा आणि त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट शब्दांत हवा. देणारा हयात आहे का, हेही पाहावं लागतं, कारण तो वारला की साधारणपणे मुखत्यारपत्रही संपतं. व्हिडिओ कॉलवर दोन शब्द बोलून घ्यायला काहीच हरकत नाही.

दुसरी गोष्ट कराची. भारतात राहणाऱ्या विक्रेत्याकडून पन्नास लाख किंवा त्यावरच्या किमतीचं घर घेताना १ टक्का कर तुम्ही कापून सरकारात भरायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल तर पन्नास लाखांची ही मर्यादा उरत नाही आणि कापायची रक्कम खूप मोठी होते. कापला नाही तर आयकर खातं खरेदीदाराला पकडतं, विकणाऱ्याला नव्हे. तो तोवर विमानात बसलेला असतो.

## ‘बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद चोख’

बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो. तुमचा पगार, तुमचा जामीन, तारण विकलं तर पैसे सुटतील का, एवढ्यावर तिचं समाधान होऊ शकतं. गच्ची कुणाची, पार्किंग कुणाचं, सोसायटीत दावा चालू आहे का, याची तिला फारशी पडलेली नसते. स्वतःचा वकील करा, आणि दलालाने सुचवलेला नको.

उपनिबंधक कार्यालयातून बोजा नसल्याचा दाखला काढतात, तो जरूर काढा. पण त्याने सगळं कळत नाही. मूळ कागद नुसते बँकेत ठेवूनही कर्ज उचलता येतं. म्हणून झेरॉक्सवर भागवू नका. मूळ खतं टेबलावर मांडायला सांगा. ‘लॉकरमध्ये आहेत, चावी भावाकडे आहे’ असं उत्तर आलं तर व्यवहार चावी येईपर्यंत थांबवा.

जुन्या फ्लॅटला कर्जाचा हिशेबही वेगळा बसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के इतकीच मर्यादा आहे. पण किंमत कोणती? बँकेच्या मूल्यमापकाची. तुमचा सौदा ६० लाखांना ठरला आणि त्याने इमारतीचं वय पाहून ५२ लाख लिहिले, तर ८० टक्क्यांनी हातात येतात ४१ लाख ६० हजार. तुम्ही १२ लाखांची तयारी करून बसलेले असता आणि लागतात १८ लाख ४० हजार, वर मुद्रांक, नोंदणी, वकील, रंगकाम. मुद्रांक आणि नोंदणी दोन्ही शुल्कं किमतीच्या टप्प्यांनुसार चढतात आणि सरकार ते टप्पे बदलत असतं. चालू दर उपनिबंधक कार्यालयातच विचारा. शिवाय इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त असावं असा बँकेचा आग्रह असतो, म्हणजे वीस वर्षांची मुदत मागून बारा मिळाली की हप्ता फुगतो.

क्षेत्रफळाबद्दल एवढंच: जुन्या करारनाम्यातले ७५ चौरस मीटर बहुतेकदा जिना आणि मोकळी जागा धरून असतात. टेप घेऊन जा आणि आतून मोजा.

## ऑगस्टमध्ये बघायला जा

कोरड्या जानेवारीत गोव्यातला प्रत्येक फ्लॅट सुंदर दिसतो. इथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. फ्लॅट त्या दिवसांत पाहावा.

काँक्रीट आतल्या लोखंडी सळ्यांना जपतं, कारण ताजं काँक्रीट तीव्र क्षारीय असतं आणि त्यात लोखंड गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपून ती क्षारता कमी करतो. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ तर क्षारता शाबूत असतानाही सळीवरचं संरक्षण मोडतं. मग सळी गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि आतून रेटा बसून काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. भिंतीचा जांभा दगड पाणी पितो ते वेगळंच.

कुठे पाहायचं? संडास-बाथरूमच्या छताकडे. वरच्या मजल्याची मोरी तिथेच असते. तपकिरी डाग, कडेने पांढरी मिठासारखी पूड, आणि मधोमध अलीकडेच मारलेला रंगाचा एक चौकोन, जो बाकीच्या छतापेक्षा अंमळ जास्त पांढरा दिसतो. नाण्याने ठोका; भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर गिलावा सुटलेला आहे. मग बाल्कनीची खालची बाजू, तुळयांच्या कडा, आणि तळमजल्यावर पार्किंगमधले खांब जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत. सळीच्या रेषेने सरळ गेलेली उभी चीर ही गिलाव्याची चीर नसते.

गच्चीवर पत्रे घातलेले दिसतील. गोव्यात जुन्या इमारतीवर ते जवळजवळ ठरलेलेच. त्याने गळती थांबते हे खरं, पण परवानगी होती का आणि पत्र्यांआधी स्लॅब किती वर्षं भिजत होता, हे दोन प्रश्न उरतात. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो हातोडा चाचणी आणि ध्वनिलहरींची चाचणी करून काँक्रीट कितपत शाबूत आहे ते सांगतो. त्याची फी फ्लॅटच्या किमतीपुढे किरकोळ असते आणि भाव करताना त्याचा अहवाल उपयोगी पडतो.

## शेजारसुद्धा विकत घेतोय

जुन्या वाड्यातला, म्हणजे इथल्या भाषेत वस्तीतला, शेजार घट्ट असतो, म्हणून तर लोक तिथे जातात. वरच्या काकूंकडे चावी ठेवता येते, चतुर्थीला अख्ख्या जिन्यावर नेवऱ्यांचा वास असतो. पण घट्ट शेजारात तीस वर्षांचे अलिखित करारही असतात. आंब्याखाली गाडी कोण लावतो, पंप कोण चालू करतो, तळमजल्याच्या दुकानदाराने मागे काढलेली शेड कुणी सहन केली, कशाच्या बदल्यात केली. पार्किंग तुमच्या खतात लिहिलेलं नसेल आणि विकणारा ‘इथे मीच लावतो’ म्हणत असेल, तर तो फक्त त्याच्या वयाचा मान आहे. तुम्हाला तो मिळणार नाही.

म्हणून सोसायटीच्या सचिवांना भेटून सभांचं इतिवृत्त, थकबाकीची यादी आणि दुरुस्ती निधीतली शिल्लक मागा. किती फ्लॅट वर्षभर बंद असतात हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण बंद फ्लॅटचे मालक सभेला येत नाहीत, वर्गणी उशिरा देतात, आणि गच्चीच्या दुरुस्तीचा ठराव वर्षानुवर्षं लोंबकळतो. सचिव कदाचित गुळमुळीत बोलतील. पाववाला पोदेर तसं बोलणार नाही. तो रोज सकाळी दारोदार पाव टाकतो. कुठल्या दारावर पिशवी लटकते आणि कुठल्या नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

कुणी म्हणेल, एवढा चांगला शेजार असताना कागदांचा कीस कशाला पाडायचा? कारण शेजारी तुमच्या बाजूने उभे राहतील, पण भाटकाराच्या नातवाच्या वतीने सही करू शकणार नाहीत. शक्य असेल तर त्याच वाड्यात एक पावसाळा भाड्याने राहून बघा. भाडं वाया गेलं असं वाटेल, पण सेप्टिक टँकचा वास, पाण्याची वेळ आणि वरच्या मजल्यावरचं भांडण हे तिन्ही जाहिरातीत येत नाहीत.

## ‘पुढे रिडेव्हलपमेंट होईल, दुप्पट जागा मिळेल’

हे वाक्य मुंबईहून आलेलं आहे. तिथे पुनर्विकासाची घडी बसलेली आहे, नियम आहेत, बिल्डर रांगेत आहेत. गोव्यात तशी सवय अजून कमी. जागेवर किती बांधकाम करता येतं ते त्या भागाच्या क्षेत्रवर्गावर (झोनवर) ठरतं, आणि पुष्कळ जुन्या इमारतींनी आपला वाटा पूर्ण वापरलेला असतो. काहींनी तर परवानगीपेक्षा जास्त. नदीकाठी किनारी नियमनाच्या मर्यादा, पणजीतल्या फोंतेन्ह्याससारख्या जुन्या भागात संवर्धनाच्या. वर जमीन सोसायटीच्या किंवा फ्लॅटधारकांच्या नावावर नसेल तर बिल्डर बोलणी कुणाशी करणार? होईलही एखाद्या ठिकाणी. पण त्या आशेचे पैसे आज विकणाऱ्याला देऊ नका.

## इसार देताना

सौदा पटला की दलाल घाई करतो: ‘दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय.’ येऊ दे. इसाराची रक्कम लहान ठेवा, चेकने द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की मालकी हक्क स्वच्छ न निघाल्यास पैसे परत. मोठी रक्कम नोंदणीकृत करारनाम्यानंतर, आणि शेवटचा हप्ता विक्रीखताच्या दिवशीच, ताबा आणि मूळ कागद हातात घेताना. ऑक्युपन्सी दाखला, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचं नगरपालिकेचं पत्र, त्याच गठ्ठ्यात हवं. खत झालं की घरपट्टी, वीज, पाणी आणि सोसायटीचं भागपत्र आपल्या नावावर करून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि चावी हातात आली की हमखास मागे पडतं, म्हणून विकणाऱ्याकडून त्या चारही अर्जांवर सह्या खताच्या दिवशी, उपनिबंधक कार्यालयाच्या आवारातच घेऊन ठेवा. सगळे वारस एका जागी जमलेले तेव्हाच सापडतात.